पाइपातलं गार पाणी

प्लंबरला बोलावलं ते मुलीनं. नानांना विचारलं असतं, तर त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं असतं. माहेरी आली की तिला काही ना काही दुरुस्त करायचं असे. या खेपेला पाळी मागच्या बाथरूमची होती.

"गिझर घराच्या या टोकाला, बाथरूम त्या टोकाला," ती म्हणाली. "काल दुपारी नळ सोडून उभी राहून कंटाळले मी. गरम पाणी येईच ना."

"मला तर लगेच येतं," नाना म्हणाले.

नाना वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झाले होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे शोधण्यात त्यांची उमर गेली. घरातही थेंबभर पाणी वाया गेलेलं त्यांना खपत नसे. आपल्याकडचं पाइपांचं काम किती चोख, सकाळी नळ फिरवला की कसं वाफाळतं पाणी येतं, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की पाण्याचा विषय निघाला की शेजाऱ्यांना घरची कामं आठवत.

प्लंबरनं गरम पाण्याचा नळ सोडला. बादली भरली. दुसरी भरत आली, तरी पाणी गारच.

"एवढ्या लांबच्या पाइपात साचलेलं पाणी आहे हे, नाना. ते बाहेर पडल्याशिवाय गरम येणार कुठून?"

"सकाळी येतं म्हणतोय ना मी. वर्षानुवर्षं येतंय."

मुलगी दारात उभी होती. "नाना," ती हळूच म्हणाली, "आई गेल्यावरही येतं?"

"न यायला काय झालं? आज सकाळीही आलं."

तिनं आत येऊन नळ बंद केला. मग म्हणाली, "आई तुमच्या आधी अंघोळ करायची... पाइपातल्या त्या गार पाण्यानं. ओतून दिलं तर तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात. ते संपून गरम आलं की नळ बंद करून तुम्हाला हाक मारायची."

"हिवाळ्यातसुद्धा?"

"हिवाळ्यातसुद्धा."

नाना फरशीकडे बघत राहिले. घरात ते एकटेच राहत. तरी रोज सकाळी ते आत शिरत तेव्हा फरशी ओली असे आणि हवेत ओल्या केसांचा वास. नळ गळत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. वॉशर मात्र एकदाही बदलून घेतला नव्हता.

प्लंबर म्हणाला, छोटा पंप बसवता येईल. गार पाणी परत गिझरकडे ढकलायचं, गरम पाणी पाइपात फिरत ठेवायचं.

"बसव," नाना म्हणाले. "आजच."

"एवढी घाई?" प्लंबरनं विचारलं. "तुम्हाला तर लगेच येतं."

"माझ्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी नाना मुद्दाम उशिरा उठले. जिला आधी जायचं तिला जाऊ दे, म्हणून. आत गेले तर फरशी कोरडी ठणठणीत, कसला वासही नाही. नळ फिरवताच वाफाळतं पाणी आलं. नाना स्टुलावर बसले. पाणी वाहत राहिलं, वाया जात राहिलं. त्यांनी नळ बंद केला नाही.

नानांकडून ओल्या फरशीचं सगळं ऐकून मुलगी आपल्या घरी परतली. एका दुपारी तिचा फोन आला.

"नाना, फरशी?"

"कोरडी. रोज कोरडी असते. सुटली गं ती."

"तुमच्याजवळ कोण बसलंय?"

"कोण असणार? मी एकटाच. ऊन येतंय तिथं बसलोय."

"कुणीतरी कुडकुडतंय, नाना... दात वाजताहेत... अगदी फोनजवळ."

नानांनी कान दिला. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारची खुर्ची उन्हात रिकामी होती. त्यांनी अंगावरची शाल काढली आणि तिच्या पाठीवरून, माणसाच्या खांद्यांवरून घालावी तशी, नीट लपेटली.

"आता?" त्यांनी विचारलं.

शाल आधी एका कोपऱ्याला गडद झाली. मग सगळीच. थोड्या वेळानं तिच्या झालरीतून उन्हातल्या फरशीवर पाणी ठिबकू लागलं.