उजवीकडची खुर्ची

मी छत्तीस वर्षं अन्नपदार्थ तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. दुधात पाणी, हळदीत रंग, मिरचीत भुसा. नमुना आला की मोजायचं आणि लिहायचं, मत द्यायचं नाही. त्यामुळे पुढचंही मी मोजूनमापूनच सांगणार आहे.

पोर्ट वाइनचा नाद आमच्या चौघांत पहिल्यांदा लागला तो माझ्या धाकट्या भावाला, बुद्धभूषणला. तो भडगावला चित्रकलेचा शिक्षक होता. नाक असं की केळीच्या घडाजवळून गेला तरी पिकायला किती दिवस आहेत ते सांगायचा. त्याचा मित्र लोटन पाटील केळी परदेशी पाठवतो. त्यानं एकदा पोर्तुगालहून तीस वर्षं मुरलेली बाटली आणली आणि आमचं मंडळ जमलं. भूषण, लोटन, पॅथॉलॉजिस्ट प्रज्ञा आणि मी. आमच्या घरात रोज पंचशील म्हणतात, त्यामुळे दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाचं काय, हे आई दरवर्षी विचारायची. भूषण सांगायचा, "माय, आम्ही पित नही, वास लेतस."

लोटनचं केळी पिकवायचं गोदाम भुसावळ रस्त्याला आहे. तिथल्या शीतगृहाचं तापमान बारा महिने चौदा अंश असतं. केळीला जे लागतं तेच जुन्या वाइनलाही चालतं, हा शोध भूषणचाच. दरवर्षी जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराला आम्ही तिथे जमायचो, कारण जिभेला चव जेवणाआधी चांगली कळते. दोन नियम भूषणनं घातले होते. एक, स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. प्रत्येकानं आपल्या डावीकडच्याला ओतायचं आणि डिकँटर, म्हणजे वाइन गाळून ठेवायचा काचेचा चंबू, पुढे त्याच्यासमोर ठेवायचा. दुसरा, पुढच्या वर्षी ज्याला यायचं नसेल त्यानं उठताना आपला पेला पालथा घालायचा. दुसरा नियम कधी कुणी वापरला नव्हता.

सात वर्षांपूर्वी बैठकीच्या दुसऱ्या दिवशी भूषण मोटरसायकल घेऊन निघाला. गाडी गिरणेच्या पुलावर सापडली. स्टँडवर लावलेली, किल्ली गाडीलाच. धरणाचं आवर्तन सुटलेलं, नदी भरून वाहत होती. आठ दिवस शोधलं, काही मिळालं नाही. तो पाण्यात पडून वाहून गेला की आपणहून कुठे निघून गेला, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर आम्ही जमलोच नाही.

त्याची बायको साक्षी धुळ्याला नर्स आहे. गेल्या महिन्यात ती आली. म्हणाली, "दादा, सात वर्षं झाली. कुठलाही फॉर्म भरताना मी काय लिहायचं, विवाहित की विधवा? मी कोण आहे ते तरी ठरू द्या." कोर्टात अर्ज करायचा होता आणि भूषण हयात नाही असं मला प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं होतं. तारीख सोमवारची ठरली.

आई ऐकायला तयार नव्हती. "मना पोऱ्या शे," एवढंच म्हणायची. चार महिन्यांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती पलंगावरून उठलेली नाही. तरी दर रविवारी ती मला भूषणचं ताट वाढून झाकून ठेवायला लावते. संध्याकाळी ते मी गायीला घालतो.

आणि खरं सांगायचं तर मीही तयार नव्हतो. शेवटच्या बैठकीत भूषणनं आपला पेला सुलटाच ठेवला होता. मी स्वतः पाहिला होता. हा काही पुरावा नाही, हे मला कळतं. पण सात वर्षं माझा हात त्या एका पेल्यापाशी अडला होता.

म्हणूनच लोटननं फोन केला तेव्हा मी हो म्हटलं. भूषणच्या जन्मसालची, सत्याहत्तरची एक बाटली त्याच्याकडे होती. भूषणच्या पन्नाशीला उघडायची असं ठरलेलं. "सही करायच्या आधी उघडू," लोटन म्हणाला. "नंतर मन नही होवाव."

रविवारी सकाळी मी भरीत केलं, कळण्याची भाकरी केली आणि भूषणचं ताट वाढून ओट्यावर झाकून ठेवलं. आईचं करायला येणारी मंदाबाई तिची आंघोळ उरकून दहाला गेली. आईचा पाण्याचा पेला भरून उशाशी ठेवला आणि बाहेरून कुलूप लावून निघालो.

लोटननं पांढरी चादर अंथरली होती. चार खुर्च्या, चार पेले. "त्याची बाटली शे, त्याची खुर्ची तरी राहू द्या," तो म्हणाला. प्रज्ञानं मान हलवली. ती खुर्ची माझ्या उजव्या हाताला होती.

बूच अखंड निघालं. मलमलीतून वाइन डिकँटरमध्ये उतरवली, गाळ बाटलीतच राहू दिला. डिकँटरवर खुणा आहेत. मी वाचलं, सहाशे नव्वद मिलिलीटर. एका पेल्याला साठ.

लोटननं प्रज्ञाला ओतलं. प्रज्ञानं तिच्या डावीकडे, रिकाम्या खुर्चीसमोरच्या पेल्यात ओतलं आणि डिकँटर तिथे ठेवला. मग तिचा हात तसाच थांबला.

आमची चूक आम्हाला तेव्हा कळली. भावनेच्या भरात आम्ही खुर्ची साखळीतच मांडली होती. आता माझ्या पेल्यात ओतायचं होतं ते माझ्या उजवीकडच्यानं, म्हणजे भूषणनं.

"आते काय करानं?" लोटन म्हणाला. "मी ओततो भाऊ, एक डाव नियम मोडू."

"तू कसा ओतशील? तू प्रशीलभाऊंच्या डावीकडे आहेस," प्रज्ञा म्हणाली.

तेवढ्यात शीतगृहाचा कॉम्प्रेसर धाडकन सुरू झाला. रोजचाच आवाज. तरी तिघांनीही भिंतीकडे पाहिलं.

मी मान वळवली तेव्हा माझा पेला भरलेला होता.

डिकँटर होता तिथेच होता. त्याच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, तो आमच्यासमोर चादरीवर पडला.

"प्रज्ञा?" मी विचारलं.

"मी उठलेसुद्धा नाही."

मी खूण वाचली. चारशे नव्वद. साठ आणि साठ एकशेवीस. माझ्या पेल्यात ऐंशी होती. नेहमीच्या खुणेच्या वर, बोटभर. भूषण मला नेहमी तेवढी ओतायचा. "दादा, तुला बोटभर जास्त," म्हणायचा. मी चिडायचो, माप बिघडतं म्हणून.

मला डिकँटर उचलून लोटनला ओतावंच लागलं. दुसरं काय करणार होतो? चारशे तीस उरली.

आम्ही चव घेतली. सुकं अंजीर, जुनी चिंच, कपाटातलं चामडं. वाइन उत्तम होती, हे मला आजही सांगावंसं वाटतं. मग नेहमीप्रमाणे न बोलता आपापल्या चिठ्ठीवर लिहिलं. आमच्या चिठ्ठ्या कधी जुळत नसत, त्यावरून तासभर वाद चाले. प्रज्ञानं तिन्ही वाचल्या. शेवटची ओळ तिन्हींवर एकच होती. ओली वाळू, नदीची.

लोटन उठला. "मला जरा हवा पाहिजे," म्हणाला. आम्ही दोघंही त्याच्यामागे गोदामाच्या दारापर्यंत गेलो. उन्हात पाच मिनिटं उभे राहिलो. गोदामात चौथं माणूस नव्हतं. दार एकच आहे आणि त्यात आम्ही तिघं होतो.

परत आलो तेव्हा भूषणचा पेला पालथा होता.

प्रज्ञानं चादर चाचपली. मघाच्या एका थेंबाचा डाग सोडला, तर कोरडी. मी पेला उचलून पाहिला. आतून कोरडा. डिकँटरमध्ये चारशे तीसच.

साठ मिलिलीटर कुठेच नव्हती.

लोटन खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला. प्रज्ञानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रशीलभाऊ, उद्या सही करा," ती म्हणाली.

मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, पण सात वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. तो सांगून गेला, एवढंच मनात आलं. मी तिथूनच साक्षीला फोन केला. "उद्या धुळ्याला येतो. सही करतो." ती मग म्हणाली, "दादा, आता मला रडू द्या," आणि फोन ठेवला.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. कुलूप मी लावलं तसंच होतं. आईला कसं सांगायचं याचे शब्द जुळवतच आत गेलो. ती पलंगावर होती, जागी. चेहरा इतका शांत मी चार महिन्यांत पाहिला नव्हता.

"माय, आज एक सांगनं शे," मी म्हणालो.

"बठ्ठं सांग. पन आधी जेवी ले," ती म्हणाली. "भूषण जेवीसन गया."

मी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"घाईमा व्हता," ती म्हणाली. "बसना नही फार."

मी स्वयंपाकघरात गेलो. झाकलेलं ताट जागेवर नव्हतं. ते घासून, पुसून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. ओट्यावर भूषणचा स्टीलचा पेला पालथा होता.

घासलेली भांडी पालथीच घालतात. मी स्वतःला तेच सांगितलं. मंदाबाई मधेच येऊन गेली असेल. पण किल्ली एकच आहे आणि ती माझ्या खिशात होती.

मग मला त्याच्या शेजारचा पेला दिसला. कडेला चेपलेला, लीलाबाई असं आईचं नाव कोरलेला. सकाळी मी तो भरून तिच्या उशाशी ठेवला होता.

तोही पालथा होता.

आईला आमचे नियम कधीच कुणी सांगितले नव्हते.

मी तो सुलटा केला. काठोकाठ पाणी भरलं आणि तिच्यापाशी घेऊन गेलो.

"माय, पानी पी."

तिनं हलकेच पेला बाजूला सारला आणि माझ्याकडे पाहून हसली.

"नको रे," ती म्हणाली. "माले आते तहान नही."