मोटारवाल्याची वही

मिरजगावच्या स्टँडम्होरं कारभारीचं झेरॉक्सचं दुकान हाय. मशीन एकच, आन् ते बी त्याच्या मनाला आलं तर चालतंय. नाताळ चार दिवसांवर आला हुता. दीना तिथं तीनशे पानांचा गठ्ठा पोटाशी धरून उभी हुती. तिच्या म्होरं एक उंच पोरगा. बोटं काळी, अंगाला व्हार्निशचा वास, हातात एकच कागद.

"वीस काढा, कारभारी."

कारभारीनं कागद काचेवर ठिवला आन् दीनाची नजर तिकडं गेली. मुद्दाम न्हाई बघितलं तिनं. पर ती संपादनाचा कोर्स करत हुती, दर शनवारी यष्टीनं नगरला जाऊन. असल्या मानसाला लिवलेलं दिसलं की डोळा आपसूक तिकडंच जातो, गाय पेंडीच्या पाटीकडं जाती तसा.

कागदावर जाड अक्षरात लिवलं हुतं —

'मोटार घुमती पर पानी येत न्हाई. स्टाटर पाशी जा. गेला का? लाल बटन दाबा. दाबलं का?'

दीनाला फस्सकन् हसू आलं. वढनीनं तोंड झाकलं, पर उशीर झाला हुता.

पोरगा मागं वळला. "काय झालं?"

"काही नाही."

"न्हाई, तुमी हसला. किती चुका हायत्या?"

"मोजल्या नाहीत."

"मोजा की मंग. मशीन गरम व्हायला पाच मिंटं हायती."

असं कुनी आव्हान दिलं तर दीना कशाला मागं सरती? टेबलावरचा लाल पेन उचलला आन् उभ्या उभ्या चुका टिपल्या. "अकरा."

"बारावी मी सांगू का?"

"कुठली?"

"त्यो पेन माजा हाय."

कारभारी खाली मान घालून हसला. दीना लाल झाली — पेनापेक्षा जरा जास्तच. पेन परत देता देता म्हनली, "आणि हे 'गेला का', 'दाबलं का' कशाला? कागदावर विचारलं तर उत्तर कोण देणार?"

"जो वाचतोय तो."

असं म्हनून तो वीस कागद घेऊन गेला बी.

पोराचं नाव यशया. मूळचा खर्ड्याकडचा. दोन वर्सं झाली मिरजगावात शेतातल्या मोटारी भरायचं दुकान टाकून. मोटारी भरायच्या म्हंजे जळालेली तार काढायची आन् नवी तांब्याची गुंडाळायची. हात असा की मोटार हुंकारली तरी हा सांगनार, तिचं कुठं दुखतंय ते. शाळा दहावीला सुटली. आन् दीना आढाव हितलीच, बी.ए. झालेली, चष्मेवाली, बोलायला फटकळ. ह्या कोर्सात पास झाली तर नगरच्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचं काम नक्की हुतं. तिला ते काम लई मनापासून पायजे हुतं.

पर पास-नापास एकाच गोष्टीवर. शेवटचं प्रोजेक्ट.

ज्ञानेश्वरी मॅडमनं वर्गात सांगितलं हुतं, "काम खरं हवं. छापून कुणाच्या तरी हातात जाईल असं. लेखकाची सही असलेली परवानगी हवी, आणि मार्चच्या दहा तारखेला सगळं माझ्या टेबलावर."

दीनाच्या पोटाशी जो गठ्ठा हुता ना, ते गोरक्षनाथ गुरुजींचं आत्मचरित्र. रिटायर हेडमास्तर, छापायची तयारी, पुठ्ठा रंगीत, आत दीनाचं नाव येनार. वर्गातल्या पोरी म्हनल्या, डोळे झाकून घे. दीनानं डोळे झाकले न्हाईत, वाचत बसली. साठ पानं झाली तरी गुरुजी अजून तिसऱ्याच बदलीच्या गावाला सामान लावत हुते.

आन् मधीच तिला ते आठवायचं. गेला का? दाबलं का?

नाताळ झाला, आन् दुसऱ्याच दिवशी ती यशयाच्या दुकानात जाऊन उभी राहिली. तारंचं भेंडोळं हातात, दातात सुतळी, असा तो बसला हुता.

"त्या झेरॉक्सच्या पानासारखी अजून पानं आहेत का?"

यशयानं सुतळी तोंडातनं काढली. "एक वही हाय. चाळीस पानाची. का?"

"मला हवी आहे. परीक्षेला."

"माजी वही परीक्षेला?" तो इकडं तिकडं बघाय लागला. "पास व्हायचंय का नापास?"

झालं. वही आली घरी. कशासाठी लिवली हुती ते बी कळलं. शेतातनं बायामानसांचे फोन यायचे, मोटार बंद पडली, काय करू. हा फोनवर सांगायचा. मंग वाटलं, लिवूनच काढावं, मानूस हुडकत बसायला नको. एका ट्रॅक्टरवाल्याच्या कॅलेंडरामागं चित्रं बी काढली हुती त्यानं.

दीना वहीच्या कडंला पेन्शिलीनं प्रश्न लिवायची. कोर्सात तसंच शिकवत्यात — लेखकाला इचारल्याबिगर काय बदलायचं न्हाई. 'पान ४: घुमणे म्हणजे नेमका कसा आवाज?' वही दोन दिवसानं यशयाकडं जायची, तो खाली उत्तर लिवायचा. 'मांजर कुशीत झोपल्यावर करतं तसा, पर जाडा.' 'पान ९: तार गरम आहे हे कसं ओळखायचं?' — 'हात लावायचा न्हाई. लांबूनच कळतं. काही मानसांचं बी असंच कळतं.'

हे वाचून दीनानं वही मिटली, परत उघडली, परत मिटली. मंग खाली लिवलं, 'विषयाला धरून लिहा.'

दोन दिवसानं उत्तर — 'धरूनच हाय.'

जानेवारी गेला असा. सांच्याला ती दुकानात जायची, स्टुलावर बसायची. यशया तारंचे पदर मोजायचा, ती बोलली की चुकायचा, परत पहिल्यापासनं.

"मी बोलू नको का?"

"बोला की. मोटार काय, उद्या बी भरंल."

पर त्याच्या म्होरं काय न्हाई. हा गडी एका शब्दानं पुढं सरकंना, आन् दीना आपनहून कशाला सरकंल! दोघं आपली चहा पीत बसायची, आन् कारभारी समोरनं बघत मशीनला शिव्या घालायचा.

फेब्रुवारी सरता सरता दीनानं वही साफ करून टाईप केली. लई झटली ती. 'पानी'चं 'पाणी' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं, तीन तीन वाक्यं गुंफून एक केलं. आन् ते 'गेला का', 'दाबलं का' — त्रेचाळीस ठिकानी हुतं — सगळं उडवलं. चाळीस पानांची सव्वीस झाली. परवानगीचा कागद वर ठिवून तिनं गठ्ठा यशयाच्या हातात दिला.

यशयानं तिथंच वाचलं. हळूहळू, बोट फिरवत. वाचून झाल्यावर कागद गुडघ्यावर सारखे केले.

"ग्वाड झालंय."

"मग करा सही."

"न्हाई."

"म्हणजे?"

"हे माजं न्हाई, दीनाबाई. वाचताना मला वाटलं... मी परत शाळंत बसलोय. मागच्या बाकावर."

दीनाचं डोकं सनकलं. आन् ती चिडली की तिची पुस्तकी भाषा पळून जाती. "आवं, दोन महिने घातल्यात म्या ह्यात! पंधरा दिस उरल्यात! गुरुजींचं गठुडं सोडून आले ना मी तुमच्यापायी!"

"वहीपायी का माज्यापायी?"

दीनानं चष्मा काढून वढनीला पुसला. बाहेरनं एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

मंग यशया हळूच म्हनला, "उद्या रंगुबाईच्या मळ्यात येता का? तिला वाचून दाखवा. तिला कळलं तर त्याच टायमाला सही करतो."

रंगुबाई म्हंजे साठीची एकटी बाई, मळा एकटी बघती, आन् यशयाला सगळ्यात जास्त फोन हिचे. दुसऱ्या दिवशी दोघं पोचली तवा म्हातारी शेवटचा हुरडा भाजत हुती. "ये पोरी, बस. आधी खा." राखंतलं कणीस चोळून तिनं गरम दानं दीनाच्या तळहातावर घातलं. यशयानं तवर खांबावरनं लाईट पाडली, म्हनजे कुनाला काय व्हायला नको. रंगुबाईला मात्र सांगितलं, लाईट हाय असं समज.

रंगुबाई स्टार्टरच्या पेटीपाशी उभी राहिली. दीनानं घसा साफ केला आन् वाचलं —

"मोटार घुमत असल्यास लाल बटण दाबून, मुख्य स्विच बंद करून, फ्यूज काढून तपासावेत."

"फ्यूज व्हय? बरं," म्हनून रंगुबाईनं सरळ फ्यूजला हात घातला.

"रंगुबाई!" यशया वरडला. "मेन स्विच पाडला का?"

"आँ? ते कुठं सांगितलं हिनं?"

"सांगितलं की मी," दीना पुटपुटली, "मधेच आहे..."

"मधलं कोन ध्यानात ठेवतंय पोरी? शेवटचं कानात ऱ्हातं." म्हातारीनं हात पदराला पुसला. "यशयाचं बरं असतंय. तो एक सांगतो, मंग इचारतो, झालं का. मी व्हय म्हनस्तोवर फुडं जात न्हाई बाबा तो. म्हनून तर मी अजून जित्ती हाय."

दीनाच्या मुठीतला हुरडा तसाच राहिला. लाईट खरी असती तर? कोर्सातला कुठला बी नियम तिला त्या घडीला आठवंना. एवढंच कळलं की त्रेचाळीस येळा ज्याला ती फालतू म्हनली, ते त्रेचाळीस येळा मानसाचा हात धरून ठेवनारं हुतं.

परतीच्या वाटंला ती भराभरा म्होरं चालत हुती. बांधावर यशया थांबला.

"राग आला का?"

"स्वतःचा आला."

"अकरा चुका तुमी बरुबर काढल्या हुत्या," तो म्हनला. "स्टार्टर मी खरंच चुकवला हुता."

ती हसली. पर डोळ्यात पानी हुतं.

मंग सात दिवस तिनं दुसरंच काम केलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस 'का' माघारी आनलं, आन् वर तीन नवं घातलं, जिथं यशया बी इसरला हुता. एका पानावर एकच बिघाड. अक्षर मोठं, चष्म्याबिगर दिसंल असं. कॅलेंडरामागची चित्रं झेरॉक्स करून त्या त्या ओळीपाशी चिकटवली. 'हाय' तसंच ठिवलं. आन् हे सगळं का केलं त्याचं दोन पानी टिपन जोडलं, मॅडमला वाचायला. मंग एकटीच रंगुबाईकडं गेली, वाचून दाखवलं, आन् म्हातारी एकदा बी चुकली न्हाई.

मार्चच्या आठ तारखेला ती दुकानात आली. यशयानं सगळं वाचलं. ह्या येळंला बोट फिरवलं न्हाई, एकाएकी हसायचा, परत वाचायचा.

"हे माजं हाय," तो म्हनला. जरा थांबला. "माज्यापरास बरं हाय, पर माजंच हाय."

"मग सही."

त्यानं परवानगीवर सही केली, काळ्या बोटाचा ठसा बी उमटला संगं. दीनानं दुसरा कागद म्होरं सरकवला. "हे मॅडमनी परवा दिलं. माझं प्रतिज्ञापत्र. माझी सही झालीय, साक्षीदार म्हणून तुमची हवी."

यशयानं मोठ्यानं वाचलं. "सदर पुस्तिकेचे लेखक माझे नातेवाईक नाहीत." त्यानं मान वर केली. "हे कशाला?"

"घरच्या माणसाचं काम आणलं तर धरत नाहीत."

"आन् हे किती दिवस खरं ऱ्हायला पायजे?"

"म्हणजे?" दीनानं चष्मा सारखा केला, जो सारखाच हुता. "निकाल... एप्रिलच्या वीस तारखेला आहे."

"बरं. मंग खोट्यावर कशाला सही करायची..."

त्यानं लाल पेन घेतला. 'माझे' आन् 'नातेवाईक' ह्याच्या मधी एक बारीक रेघ मारली, आन् वर एक शब्द लिवला. लिवताना कान लाल झाले त्याचे. कागद फिरवून तिच्याकडं केला, आन् तिच्याकडं बघायचं सोडून समोरच्या मोटारीकडं बघत बसला.

सदर पुस्तिकेचे लेखक माझे *सद्या* नातेवाईक नाहीत.

दीनानं तो शब्द दोनदा वाचला. बाहेर ऊन उतरत हुतं. दुकानात व्हार्निश वाळत हुतं.

"मॅडम विचारतील मला," ती शेवटी म्हनली.

"इचारू द्या की." तो हातातल्या पेनाशी खेळत हुता. "नको वाटत असंल तर... खोडा. तुमचंच काम हाय ते."

दीनानं त्याच्या हातातनं पेन काढून घेतला. कागदावर वाकली. शब्द काय तिनं खोडला न्हाई. 'द'चा 'ध' तेवढा केला, आन् बाजूला आपली बारीक सही ठोकली.