रिकाम्या पारड्याचं वजन

सभा मुद्दाम चहाच्या वेळेला धरून ठेवली होती. समोर कपबशा वाजायला लागल्या की भाषणं आपोआप आखडतात, हा संस्थेचा जुना अनुभव. जागा वजनखोलीची. खिडक्या कायमच्या बंद, पंखा नाही, भिंतीत रोवलेला जाड दगडी ओटा, आणि त्यावर काचेच्या पेटीतला तो तराजू. माझ्या भावाचं आयुष्य या पेटीसमोर गेलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाले, तरी शेजारची मुलं अजून घरी येतात. त्यांना मी भावाचं काम असं सांगते: कागदाचा कपटा घ्या, वजन करा. मग त्यावर पेन्सिलीने एक टिंब काढा आणि पुन्हा वजन करा. जो टिंबाचं वजन सांगेल, तो माझ्या भावाचा तराजू. तसे तराजू आधीही होते; पण त्यांचा आकडा ताप भरलेल्या माणसासारखा थरथरत राहायचा आणि तो थांबेपर्यंत बघणाराच थकायचा. भावाने आतली लोंबती पट्टी नव्याने बांधली आणि थरथर गेली. एवढंच. एवढ्यात त्याचे केस पांढरे झाले.

त्याची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, नाव लागावं म्हणून आल्या होत्या. दुसरं काही त्यांना नको होतं. भाऊ गेला त्या दिवशी संचालकांनी घरी येऊन शब्द दिला होता, की तराजूवर त्याचं नाव लागणार म्हणजे लागणार. रडणाऱ्या माणसाला दिलेले शब्द स्वस्त असतात, हे मला कळायला हवं होतं.

भिंतीवरचा पडदा सरकला. पितळी पाटीवर संचालकांचं नाव होतं, सगळ्या पदव्यांसकट. खाली बारीक अक्षरांत 'आणि सहकारी'.

वहिनींनी पाटी दोनदा वाचली. "यांचं नाव?"

"सहकाऱ्यांत तेच तर आले," संचालक म्हणाले. "एकेकाचं घालायला गेलो तर पाटी नाही, भिंत लागेल." दोघे-तिघे हसले.

"भिंत नको. एक ओळ पुरली असती."

"वहिनी, ते स्वतः कधी नावासाठी झुरले नाहीत."

"ते नाही झुरले. मी झुरते आहे."

यावर कोणी हसलं नाही. संचालकांनी घाईघाईने फोटोवाल्याला पुढे बोलावलं आणि तराजू सुरू केला. पेटीची दारं बंद, पारडं रिकामं. आकडा शून्यावर बसायला हवा होता. तो सावकाश चढला आणि एका जागी थांबला. जराही न थरथरता.

"धूळ असेल," तंत्रज्ञबाई म्हणाल्या. भावाच्या हाताखाली त्यांची निम्मी नोकरी झाली होती. त्यांनी मऊ कुंचल्याने पारडं झाडलं, तराजू सपाट बसलाय ना ते पाहिलं, दारं लावली. आकडा हलला नाही.

संचालकांनी शून्याचं बटण दाबलं.

हे बटण मी मुलांना वाटी आणि साखर घेऊन शिकवते. रिकामी वाटी ठेवायची आणि बटण दाबायचं. काटा वाटीला विसरतो, पुढे फक्त साखर मोजतो. वाटी असते, पण हिशेबात नसते. आणि मग वाटी उचलली, तर आकडा शून्याच्याही खाली जातो. मुलांना याची फार गंमत वाटते.

आकडा शून्य झाला. मग पुन्हा चढला. मघापेक्षा जास्त.

बटण. शून्य. आणि त्याहून जास्त.

"वारा येतोय. दार लावा," संचालक म्हणाले.

"लावलेलंच आहे, सर."

मी पेटीच्या अगदी जवळ उभी होते. अशा तराजूचं पारडं डोळ्यांना दिसेल इतकं कधी खाली जात नाही. मी ते खाली गेलेलं पाहिलं. बोटभर.

संचालकांनी पुन्हा बटणाकडे हात नेला.

"किती वेळा पुसाल?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढवून नव्हे. मुलाला पाटी पुसताना विचारावं तसं.

संचालकांनी बटण दाबून धरलं. शून्य आलं, आणि या खेपेला टिकलं. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, मंडळी चहाला गेली. सगळ्यांच्या मागून संचालकही निघाले.

आम्ही तिघीच उरलो. वहिनी पाटीकडे पाहत होत्या, मी आकड्याकडे.

तो उणे झाला.

"ताई, हे कसं?" तंत्रज्ञबाईंनी विचारलं. "पारड्यावर तर काहीच नव्हतं."

उणे आकडा वाढतच गेला. मग आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या. तराजूच्या मापात मावेना.

पारडं पुन्हा वर आलं होतं.

"उतरले," वहिनी म्हणाल्या.

चहाला आम्ही थांबलो नाही. लिफ्टपाशी संचालक भेटले; त्यांनाही कुठे तरी जायचं होतं. ते आत शिरले आणि आम्हाला जागा देत म्हणाले, "या ना, या."

आम्ही पाऊल उचलायच्या आत घंटा वाजली. बटणांच्या वर लाल अक्षरं उमटली: भार जास्त.

संचालक हसले. "बघा. इथल्या एकाही यंत्राचा भरवसा नाही." त्यांनी दाराचं बटण दाबलं. घंटा वाजतच राहिली. पुन्हा दाबलं. "आत मी एकटा तर आहे."

वहिनींनी आत पाहिलं. संचालकांकडे नाही; त्यांच्या खांद्याच्या जरा मागे.

"आम्ही जिन्याने जातो," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं या सावकाश."

जिन्याच्या वळणावर मी मागे पाहिलं. घंटा चालू होती, दार सताड उघडं होतं. बाहेर यायला संचालकांना कोणी अडवलेलं नव्हतं.

ते कोपऱ्यात अंग चोरून उभे होते, आणि समोर एका माणसाची जागा सोडली होती.