निम्मी मात्रा

दिनांक ९ मार्च २१८७ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील मेरुतळ खाणीत, तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी नायक बाळोजी तांडेल आठ शिपायांसह उभा होता. समोरच्या पारदर्शक भिंतीपलीकडे एकशेदहा कामगार पहारींनी घाव घालत होते. सकाळच्या दंगलीत त्यांनी एका शिपायाचे डोके फोडले होते, शिपायांनी त्यांचे तिघे लोळवले होते. आणि त्या झटापटीत लागलेल्या आगीच्या धुराने बोगदा भरत चालला होता. बाळोजीचा धाकटा भाऊ सोमा त्याच गर्दीत होता.

भिंतीला दार नव्हते. भिंत हेच दार. ती बहुवारिकाची, म्हणजे लांबलचक रेणुसाखळ्यांच्या थिजलेल्या गुंत्याची होती. तिच्या अंगातील केसाएवढ्या नळ्यांतून ‘शिथिलक’ नावाचा द्रव सोडला, की त्याचे चिमुकले रेणू साखळ्यांना एकमेकींपासून दूर सारत, साखळ्या सरकू लागत आणि भिंत चामड्यासारखी सुरीने कापता येई.

शिथिलकाच्या दोन्ही टाक्या एकदम सोडा, असे रसायनतज्ज्ञ डॉ. विशाखा पेडणेकर बजावत होत्या. परंतु पहारेकऱ्यांचा नियम होता: आधी निम्मे बळ, मग पुरते. भिंत पुरती मऊ झाली तर सगळ्या पहारी अंगावर येतील. निम्मी मऊ झाली तर एकेकाला ओढून काढता येईल, असे बाळोजीचे म्हणणे.

“मीठ कमी पडलं तर आमटी अळणी होते, बाई. कडू होत नाही.”

शिपाई हसले.

“ही आमटी नव्हे, तांडेल. थिजलेल्या साखळ्याही जागच्या जागी वळवळतात, आणि घाव पचतो तो त्या वळवळीमुळे. थोडंच शिथिलक गेलं तर ते फटींत बसून तीसुद्धा बंद पाडतं. भिंत आणखी कडक होते, आणि ठिसूळ.”

मऊ करणाऱ्या वस्तूने कडक करावे, हे बाळोजीला पटेना. इतक्यात ध्वनियंत्रातून सोमाचा खोकला ऐकू आला.

“दादा, तुमचा माणूस मी नाही मारला. उघड.”

बाळोजीने एकच टाकी सोडली.

शिथिलकाची निळी झाक चढताच कामगारांना वाटले, भिंत मऊ झाली. वीस पहारी एकदम पडल्या. भिंत वाकली नाही, सबंध फुटली. धूळ बाहेर येऊ नये म्हणून बोगद्यात हवेचा दाब कमी ठेवलेला असे, त्यामुळे सुरीच्या पात्यांसारखे तुकडे आतल्या गर्दीत घुसले. कुणाचे डोळे गेले, कुणाची आतडी हातात आली. सोमाचा गळा कानापासून खांद्यापर्यंत उघडला होता. बाळोजी दोन्ही तळव्यांनी ती जखम दाबत राहिला. रक्त बोटांमधून येत होते, मग येईनासे झाले. एकतीस माणसे मेली.

चौकशीत पेडणेकरांनी आपला इशारा शब्दशः सांगितला. बाळोजीने तो नाकारला नाही. आपल्याला फाशी द्यावी, एवढेच त्याने मागितले. अध्यक्षांनी नियमावली दोनदा वाचली आणि ती मिटून ठेवली.

“नायकाने निम्मे बळ आधी वापरले. नियम तसाच आहे. निर्दोष.”