लंबूला फळा दिसत नव्हता

भर दुपारी चष्म्याच्या दुकानात कुणी फिरकत नाही. ज्यांना दिसत नाही ते जेवून लवंडलेले असतात आणि ज्यांना दिसतं ते या दुकानाकडे बघतही नाहीत, असं ती चष्मेवाली हसून सांगायची. त्या दिवशी मात्र बाहेर पावसाची नुसती भुरभुर चालू होती आणि एक उंच माणूस छत्री झटकत, दारात मान वाकवून आत आला. तिने वर बघितलं नाही. तिच्या चिमट्यात एका आजोबांच्या चष्म्याचा मोहरीएवढा स्क्रू होता.

"बसा. दूरचं दिसत नाही की जवळचं?"

"आता कसं सांगायचं..." तो घुटमळला. "दोन्हीकडे घोळच आहे म्हणा."

"या वयात चालायचंच." आवाजावरून तिने वय ताडलं होतं, आणि स्वतःचीही साठी उलटल्यामुळे असं म्हणायचा तिला पूर्ण अधिकार होता. स्क्रूवरची नजर न हलवता तिने विचारलं, "समोरच्या तक्त्यावर कुठवर वाचता येतंय?"

"बाई, मला तक्ताच नीट दिसत नाही."

"निदान वरचं मोठं अक्षर?"

"छे. तुम्हीच... वाचून दाखवता का? हळू आवाजात. सरांना ऐकू जायला नको."

स्क्रू चिमट्यातून निसटला आणि कपाटाखाली गेला. तिने मान वर केली. केस पिकले होते, गाल आत गेले होते, पण खुर्चीत न मावणारे ते गुडघे! शाळेच्या बाकात तरी ते कुठे मावायचे?

"लंबू?"

"ओळखलंस की!" तो म्हणाला आणि उगाचच छत्रीची मूठ पुसू लागला.

नववीतली गोष्ट. लंबू शेवटच्या बाकावर बसायचा, कारण तो पुढे बसला की मागच्यांना फळ्याऐवजी त्याची मान दिसायची. एक दिवस त्याने उभं राहून गणिताच्या सरांना सांगितलं, की मला फळ्यावरचं दिसत नाही. सरांनी त्याला उचलून दुसऱ्या बाकावर, हिच्या शेजारी आणून बसवलं. मुलगा-मुलगी एका बाकावर म्हटल्यावर वर्गात खुसखुस झाली, पण सरांपुढे तोंड उघडायची कुणाची छाती! तेव्हापासून ती त्याला फळा वाचून दाखवू लागली. अगदी खालच्या आवाजात, ओठ न हलवता. मधेच 'सरांच्या शर्टाचं बटण तुटलंय' हेही ती त्याच सुरात वाचून टाकायची आणि तो गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचा.

तिला त्याची फार कणव यायची. शेवटी तिने मामांचा जुना चष्मा, मामांना न विचारता, पळवून आणून त्याला दिला. जाड काचांचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. लंबूने तो इमानेइतबारे लावला. तो लावून तो दारांवर आपटला, जिन्याची पायरी चुकला, आणि मैदानावर चेंडू समजून कुणाच्या तरी दप्तराला लाथ मारून बसला. "आता दिसतं का रे?" ती विचारायची. "जरासं... पण तू वाचत राहा हं," तो म्हणायचा.

त्या वर्षी शाळेच्या शेवटच्या दिवशी सायकलींच्या शेडमध्ये दोघं उभी होती. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती. त्याने बराच वेळ सायकलची घंटी चोळली आणि म्हणाला, "यंदा ऊन फार तापणार म्हणतात." मग गेला. त्याच्या वडिलांची बदली झाल्याचं तिला सुट्टी संपल्यावर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या सुट्टीत ती पुष्कळदा रडली होती. आपण स्वतःहून का बोललो नाही, याचा राग तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला होता.

"बरं, काम आधी," ती आता म्हणाली. दिवा मालवून ती त्याच्यासमोर बसली. डोळ्यात उजेडाची रेघ सोडून नंबर काढायचं एक छोटं उपकरण असतं. त्याला समोरच्याच्या उत्तराची गरज नसते. हौसेने चष्मा हवा म्हणून 'दिसत नाही, दिसत नाही' करणारी पोरं ती त्यानेच पकडायची.

तिने उजवा डोळा बघितला. मग डावा. मग पुन्हा उजवा.

"लंबू."

"काय गं?"

"तुझी दूरची नजर लख्ख आहे. आणि शाळेत असताना ज्याला दूरचं दिसत नाही, त्याचे डोळे म्हातारपणी असे नसतात." तिने दिवा लावला. "आयुष्यभर काय काम केलंस तू?"

तो छताकडे बघू लागला. "रेल्वेत होतो."

"रेल्वेत काय?"

"इंजिन चालवायचो."

"इंजिन! आणि सिग्नल कोण वाचून दाखवायचं रे तुला?"

लंबूचे कान लाल झाले. त्या वयातही होतात कान लाल, हे तिने पहिल्यांदाच बघितलं.

"तुझ्या शेजारची जागा रिकामी होती," तो हळूच म्हणाला. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि मामांचा चष्मा?"

"डोकं असलं ठणकायचं, विचारू नकोस. पण तू दिला होतास ना..."

"अरे लबाडा! घरचे मला शिक्षिका करणार होते. मुलांना फळा दिसला पाहिजे, म्हणून भांडून हे शिकले मी. तुझ्यापायी! अख्खा जन्म गेला माझा यात!"

"वाईट गेला का?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला हसूच फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. वाईट कसला? या खुर्चीत बसून पहिल्यांदा झाडाचं एकेक पान सुटं दिसल्यावर अवाक झालेली पोरं तिने पाहिली होती. चांगला गेला होता जन्म.

चहा आला. दोघांनी आपापलं आयुष्य थोडक्यात उरकलं, जसं या वयात उरकतात. तिचा नवरा भला माणूस होता, बेसूर गाणी म्हणत दुकानाचा हिशेब बघायचा. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा परगावी नर्स आहे आणि रोज फोन करून आईला पाणी प्यायची आठवण करून देतो. लंबूच्या बायकोने मात्र त्याला जिवंतपणीच सोडलं होतं. "तिची चूक नाही. मी घरात पाहुण्यासारखा यायचो. मग पाहुण्याला निरोप दिला तिने." मुलीवर त्याचा जीव होता. निवृत्तीनंतर मुलीने त्याला कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं, पार दूरच्या शहरात. रविवारची गाडी होती. जाण्याआधी शाळा एकदा बघावी म्हणून तो या गावात उतरला होता, आणि फोनवरचं बारीक अक्षर वाचता येईना म्हणून या दुकानात शिरला होता.

"रविवारची..." ती म्हणाली. "म्हणजे चाळिशी शनिवारी तयार पाहिजे. इकडे बघ."

चष्म्यासाठी दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. ती पट्टी त्याच्या नाकावर टेकवून अगदी समोर बसली. "मी जो डोळा उघडा ठेवीन, त्यात बघायचं." तिने उजवा मिटला. मग डावा.

"डोळा मारतेस?"

"गप्प बस. हलू नकोस."

"इतक्या वर्षांनी मारलास, तर सांगून तरी मारायचास—"

"लंबू, अंतर चुकेल!"

चुकलंच. हजारो लोकांची बुबुळं मोजलेल्या त्या बाईला तीनदा मोजावं लागलं, कारण पट्टीवरचा आकडा सोडून तिची नजर त्याच्या डोळ्यांतच राहत होती. त्याच्या श्वासाला चहातल्या आल्याचा वास येत होता. तिसऱ्यांदा मोजताना तो थट्टा करायचा थांबला आणि नुसता बघत राहिला.

शुक्रवारी तो सहज म्हणून आला आणि दुकान बंद होईपर्यंत बसून राहिला. कपाटाखालचा स्क्रू त्यानेच शोधून काढला. तो गेल्यावर तिने काचा घासायला घेतल्या आणि तिच्या लक्षात आलं, की आपण काम मुद्दाम रेंगाळवतोय. चष्मा झाला की हा जाणार. हा बोलणारा नव्हे. इंजिन चालवेल, खोटे आजार काढेल, पण बोलणार नाही. आणि ती? 'हे भिंग बरं की ते?' असं विचारायचं आणि समोरच्याला ठरवू द्यायचं, यातच तिची हयात गेली होती. पण या वेळी समोरच्याने ठरवायची वाट बघितली, तर रविवारी गाडी सुटणार होती.

शनिवारी लंबूने चष्मा लावला. तिने काड्या कानामागे ठीक बसवल्या. पुस्तकातली बारीक ओळ त्याने घडाघडा वाचली, चष्मा घरात ठेवला, घर खिशात ठेवलं. मग दारापाशी जाऊन उभा राहिला आणि बाहेर बघू लागला.

"उद्या प्रवासात पाऊस लागणार बहुतेक," तो म्हणाला.

काउंटरची फळी उचलून ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर, दाराच्या मधोमध उभी राहिली.

"लंबू, पाऊस-ऊन मला सांगू नकोस. मागच्या वेळी तू बोलशील म्हणून मी थांबले आणि हात चोळत बसले. आता मीच बोलते. जाऊ नकोस. तू मला आवडतोस. तेव्हाही आवडायचास, आताही आवडतोस, आणि उद्या ही खुर्ची रिकामी दिसली तर मला... मला ते नाही सोसणार."

लंबू तिथल्याच स्टुलावर बसला. इतका उंच माणूस, पण चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. त्याने तिचा हात धरला आणि दोन्ही हातांत घट्ट ठेवला.

"मला वाटलं, तू हसशील," तो म्हणाला.

"हसेन की. रोज हसेन. आधी हो म्हण."

"हो. हो गं... पण पोरीला काय सांगू? माझ्या खोलीला तिने स्वतः रंग दिलाय."

चष्मेवालीने मोकळ्या हाताने डोळे पुसले.

"सांग तिला," ती म्हणाली, "रंग बघायला दोघंही येतोय."