तांदळाच्या डब्यातलं लिंबू

रंगाच्या रिकाम्या डब्याच्या बुडावर सुलभा खिळा ठोकत बसली होती, आणि फाटकापाशी एक माणूस मिटलेली छत्री घेऊन भुरभुर पावसात उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"उलटा ठोकताय," तो म्हणाला. "आतून ठोका, म्हणजे पाणी साचणार नाही."

"आपण कोण?"

त्यानं छत्री उघडली, परत मिटली. "यशवंत पुराणिक. म्हणजे... हे क्वार्टर मला मिळालंय. बघायला आलो होतो. इथे कुणी राहतंय अजून, हे मला कुणी सांगितलंच नाही."

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ही रीतच होती. एक कुटुंब बांधाबांध करत असायचं, आणि दुसरं येऊन पडद्यांसाठी खिडक्या मोजून जायचं. सुलभाचे बाबा चैत्रात गेले. ड्यूटीवरून आले, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत सगळं संपलं. दसऱ्यापर्यंत क्वार्टर सोडायचं होतं. टाउनशिपबाहेर अवधपुरीत वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली होती, पुढे बोडकी गच्ची. तिथे माती कुठली? म्हणून सापडेल तो डबा, फुटकी बादली, माठ गोळा करून सुलभा त्यांत बाग बसवत होती. तुळस निघाली, गवती चहा निघाला. बाबांनी लावलेलं लिंबू मात्र छपराला टेकलेलं, ते कसं निघणार? आणि बाबा गेल्यापासून आई बोलायची ती फक्त त्या झाडाशी. ते सुटलं तर आई कायमची गप्प होईल, या भीतीनं सुलभाला घास उतरत नव्हता.

हे सगळं त्या परक्या माणसाला ती का सांगून बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

"गुटी बांधू," तो म्हणाला. "उज्जैनला आमच्या घरी पेरूला बांधायचे. फांदीची थोडी साल काढायची, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक गुंडाळायचं. तिथेच मुळं फुटतात. मग कापून डब्यात लावायची."

"घर लवकर रिकामं हवंय वाटतं तुम्हाला?"

"मला सरबत हवंय," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की बऱ्याच दिवसांनी तिला हसू फुटलं.

पुढच्या रविवारी त्यानं दोन फांद्यांना गुट्या बांधल्या. "इथे बोट ठेवा, गाठ मारतो." तिनं ठेवलं. गाठ बसली, तरी बोट तिथेच.

"काढा आता..."

"तुम्ही धरलंय," ती म्हणाली.

मग तो दर रविवारी येऊ लागला. शनिवार रात्रीपासून सुलभाला रविवारचे वेध लागत. सरळच सांगायचं तर तिला तो आवडला होता, आणि आपल्या घरावर टपलेला माणूस आवडावा, याची तिला लाजही वाटत होती.

भाद्रपदात पहिल्या गुटीला पांढरी मुळं दिसली. यशवंतनं भंगारातून एक छानसं पिंप आणलं. दोघांनी त्यात माती भरली, रोप लावलं. आठवडा गेला नाही तोच पानं काळी पडून गळाली. पिंप वॉर्निशचं होतं. तो कारखान्यात वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारींच्या तारा गुंडाळून वॉर्निश देण्याच्या कामावरचा माणूस, दिवसभर तोच वास नाकात, त्याला तो कळेनासाच झाला होता. आणि सुलभाला? बाबांच्या कपड्यांना रोज तोच वास यायचा. तिला तो घरचा वाटला होता. दुसऱ्या गुटीला अजून मुळं दिसत नव्हती.

आईनं ते वाळकं रोप पाहिलं आणि झाडापाशी जायचंही सोडलं.

"एक उपाय आहे," यशवंत चाचरत म्हणाला. "तुम्ही जाऊच नका इथून. म्हणजे... आपण दोघं..."

सुलभाचा चेहरा तापला. क्षणभर तिला फार आनंद झाला. मग ती सावकाश म्हणाली, "मी हो म्हटलं तर ते तुमच्यासाठी की झाडासाठी, हे मलाच कधी कळणार नाही."

तो फाटकाबाहेर पडला. पुढचे रविवार तो आलाच नाही.

दसरा तोंडावर आला असताना एक नवरा-बायको टेप घेऊन खिडक्या मोजायला हजर. "पुराणिकजींनी क्वार्टर सोडलं ना, आम्हाला मिळालं," बाई म्हणाल्या. नवरा लिंबाकडे बघत म्हणाला, "हे काढावं लागेल. स्कूटरची शेड इथेच येईल."

त्याच संध्याकाळी यशवंत आला. सुलभा त्याच्यावर तुटूनच पडली.

"निदान तुमच्याकडे राहिलं असतं तर आई कधीतरी येऊन बसली असती झाडापाशी. ते तोडणार आहेत, कळतंय का तुम्हाला?"

"एवढ्यासाठीच तुम्ही हो म्हणाला असता," तो म्हणाला. "आणि जन्मभर आपल्याला दोघांनाही शंका राहिली असती. आता माझ्याकडे घर नाही, झाड नाही. इंद्रपुरीत दोघांबरोबर एका खोलीत पडून असतो. आता... विचारू?"

सुलभाला रडू आवरेना. राग होता, आणि त्या रागाखाली तो परत आल्यानं जीव भांड्यात पडला होता.

आत काहीतरी ओतल्याचा आवाज झाला. आई तांदळाचा रिकामा डबा घेऊन दारात आली. तिनं तो नाकाशी धरून नीट हुंगला.

"याला नुसता तांदळाचा वास आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माणसांशी बोलत होती. "झाडापायी माझी लेक कुठे द्यायची नव्हतीच मला. तुझ्या बाबांनीही दिली नसती."

मग ती झाडापाशी गेली, उरलेली गुटी स्वतःच्या हातानं कापली आणि बुंध्यावर थोडा वेळ हात ठेवून उभी राहिली. त्या झाडाला तिनं पुन्हा हात लावला नाही.

"जगेल का ही?" सुलभानं विचारलं.

"माहीत नाही," यशवंत म्हणाला. त्यानं डबा जमिनीवर पालथा घातला आणि खिळा उचलला.

"आतून ठोका," सुलभा डोळे पुसत म्हणाली. "आणि... हो."