आज्जाचा वस्तरा

वाटणी झाली तेव्हा गडमुडशिंगीचा मळा, विहीर, घर, सगळं थोरल्या धैर्यशीलकडे गेलं. धाकटा विश्वजित शेती सोडून कोल्हापुरात उद्यमनगरच्या कारखान्यात लागला होता, हाच त्याचा गुन्हा. चार लोकांसमोर वडलांनी, आबांनी, ट्रंकेतून एक गंजका वस्तरा काढून त्याच्यापुढं टाकला.

"ह्यो घे तुझ्या आज्जाचा. लोखंडातच रमतोस न्हवं? रम आता."

लोक हसले. त्यानंतर विश्वजित गावाकडं फिरकला नाही. आबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तरी नाही.

वस्तरा मात्र त्याच्याच्यानं टाकवेना. हत्यारांना धार लावणं हा त्याचा रोजचा धंदा. एका रविवारी त्यानं पातं रॉकेलमध्ये भिजवलं, गंज खरवडला, पत्थरावर तेल सोडून हलक्या हातानं धार दिली. चप्पल लाईनमधून चामड्याचा पट्टा आणून त्यावर ती बसवली. मनगटावरचा केस पात्याला नुसता टेकला की तुटायचा.

मग गालाला ऊन पाणी लावलं, साबणाचा फेस केला आणि वस्तरा फिरवला. बारीक करकर आवाज आला. पातं पुसताना फेसात केस दिसले. राठ आणि पांढरेशुभ्र.

विश्वजितची दाढी काळीभोर होती. त्यानं गाल चाचपला. खुंट जसेच्या तसे.

"धारच न्हाई तुमच्या वस्तऱ्याला," बायको संयोगिता म्हणाली.

त्यानं वर्तमानपत्राचं पान पात्यावर सोडलं. पानाचे दोन तुकडे झाले. ती चहाकडं वळली.

पुढं रोज तेच. तरी तो वस्तरा फिरवतच राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एके सकाळी वहिनीचा, अनुजाचा, फोन आला. आवाज दबका.

"भावजी, तुमी येऊन जाता व्हय हिकडं? आबा न्हाव्याला अंगाला हात लावू देत न्हाईत. आन् सकाळी बघावं तर गाल गुळगुळीत."

"मी कशाला येतोय?" विश्वजित म्हणाला आणि फोन ठेवला.

मशीनवरचा माणूस. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय. दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यानं पात्याचं टोक मुद्दाम उजव्या गालात दाबलं. दुखलं नाही. कातडी फाटली नाही.

पात्यावर रक्ताचा थेंब होता.

त्यानं तसाच तोंड पुसून गाडीला किक मारली.

आबा सोप्यात खाटेवर उताणे होते. उजव्या गालावर कापूस. उशाशी धैर्यशील बसला होता.

"सकाळी कशानं कापलं कुणाला ठावं," तो म्हणाला. "लय दिसांनी आलास."

विश्वजित खाटेशी गेला. आबा त्याच्याकडंच बघत होते. डोळ्यांत ना राग, ना माया. मग त्यांनी सावकाश हनुवटी वर उचलली. सुरकुतलेला गळा ताणला गेला. ते तसेच थांबले.

"मान अवघडली असंल," धैर्यशील म्हणाला.

विश्वजित पाणीही न पिता परतला.

दुसऱ्या सकाळी त्यानं पुन्हा फेस लावला. अर्धा गाल झाला. वस्तरा जबड्याखाली आला आणि हात जड झाला. ते हसणारे लोक आठवले. आबांचा आवाज आठवला. एवढंसं दाबायचं होतं. इथं कुणाला काही कळणार नव्हतं.



त्यानं फेस धुऊन टाकला. तडक कारखाना गाठला. ग्राइंडरवर पातं धरलं. ठिणग्या उडत राहिल्या, पार मुठीपर्यंत पातं संपलं तेव्हाच त्यानं मशीन बंद केलं. बरं वाटलं.

दुपारी फोन वाजला. वहिनी होती.

"भावजी, आबांच्या तोंडावर सकाळधरनं साबणाचा फेस हाय. पुसला की परत येतोय. हनुवटी वर केली हाय ती खाली घेत न्हाईत."

विश्वजितनं आपला गाल चाचपला. कोरडा होता.

"आन् फेस," तिचा आवाज अगदी बारीक झाला, "आजून ऊन हाय वो."